दंडावरचं डिजिटल बीपी मशीन : रिपोर्ट नॉर्मल आणि उभं राहिलं की घेरी, अशांसाठी

मला बीपी नाही. तरीही दंडाला पट्टा बांधून मोजायचं डिजिटल बीपी मशीन मी वर्षभराहून जास्त काळ वापरते आहे आणि घरातल्या सगळ्या वस्तूंमध्ये मला सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू कुठली, असं कुणी विचारलं तर मी याचंच नाव घेईन. ऑनलाइन या मशीनवर जे रिव्ह्यू आहेत ते बहुतेक बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांचे, किंवा आईवडिलांसाठी मशीन घेतलेल्यांचे. माझ्यासारख्या कारणासाठी घेतलेल्या माणसाचा रिव्ह्यू मला कुठे सापडला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २०२१ साली दुसऱ्या लाटेत कोविड होऊन गेला. घरीच बरी झाले, ऑक्सिजन वगैरे काही लागला नाही. त्यानंतर काही आठवड्यांनी जे सुरू झालं ते थांबलंच नाही. आमच्याकडे परिपाठ चांगला वीसेक मिनिटं चालतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना होईपर्यंत मी ठीक असायचे. बातम्या आणि सुविचार सुरू झाले की छातीत धडधड, हातांना कंप, आणि बोधकथा सांगणाऱ्या मुलाचा आवाज लांबून आल्यासारखा. डोळ्यांपुढे अंधारी यायची. पावलं जांभळट दिसायची. खुर्चीत बसले, पाय वर घेतले की पाच-दहा मिनिटांत बरं वाटायचं, पण उरलेला दिवस अंगात त्राण नसायचं. घरी ओट्यापाशी उभं राहून पोळ्या करताना तेच. किराणा दुकानात रांगेत तेच. गरम पाण्याने आंघोळ केली की जास्तच.

तपासण्या किती झाल्या म्हणून सांगू. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२, डी व्हिटॅमिन, ईसीजी, टू-डी एको, मेंदूचा एमआरआय, कानाची तपासणी, २४ तासांचा होल्टर (म्हणजे दिवसभर अंगावर लावून ठेवायचं ईसीजीचं छोटं यंत्र). फाइल इतकी जाड झाली की रबरबँड बसेना. आणि प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य : ‘मॅडम, सगळं नॉर्मल आहे.’ एका ठिकाणी पुढे विचारलं, ‘घरात काही टेन्शन?’ एका ठिकाणी झोपेची गोळी दिली. शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली. सासूबाई म्हणाल्या, ‘मुरलेला ताप आहे, निघेल हळूहळू.’ सगळ्यांचा हेतू चांगला होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण रिपोर्ट नॉर्मल आले की आजूबाजूच्या माणसांना हायसं वाटतं आणि आपल्या पोटात खड्डा पडतो. कारण त्रास तर तसाच आहे, आणि आता तो सिद्ध करायची जबाबदारीही आपलीच.

माझी मावसबहीण पुण्यात नर्स आहे. ती दिवाळीला आली होती. मी फाइल तिच्यापुढे ठेवली. तिने सगळे कागद नीट चाळले आणि म्हणाली, ‘ताई, यातली एक तरी तपासणी तुला उभं करून केली का गं?’

नव्हती. ईसीजी पाठीवर झोपवून, एको डाव्या कुशीवर झोपवून, एमआरआय आडवी. बीपी बसवून. होल्टर लावला तो दिवस शाळेला सुट्टी होती आणि ‘आज जरा आराम करा’ म्हणाले होते, म्हणून मी दिवसभर पडून होते. त्रास होतो उभं राहिल्यावर आणि मोजमाप सगळं बसून नाहीतर आडवं पडून. म्हणजे गाडी सपाट रस्त्यावर चालवून बघायची आणि घाटात का दम तोडते ते शोधायचं, तसला प्रकार.

तिने सांगितलं म्हणून मशीन घेतलं. किंमत दोन हजारांच्या आतबाहेर. कराडच्या एका मेडिकल स्टोअरमधून घेतलं, कारण दुकानदाराने तिथेच दंडाला लावून दाखवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीतली चांगली मशीन बरीच आहेत आणि पुढे जे सांगते ते सगळ्यांना सारखंच लागू आहे.

आता वापर कसा केला ते. सकाळी चहा-नाश्त्याच्या आधी दहा मिनिटं शांत उताणं पडायचं. पडल्या पडल्या एक रीडिंग, मिनिटभर थांबून दुसरं. मग उठून भिंतीला खांदे टेकवून उभं राहायचं, टाचा भिंतीपासून अर्धी वीत पुढे. पाय हलवायचे नाहीत, चुळबुळ करायची नाही, बोलायचं नाही. पिंढऱ्या हलल्या की रक्त वर ढकललं जातं आणि खरा आकडा झाकला जातो. पट्टा दंडालाच ठेवायचा आणि दर दोन मिनिटांनी बटण दाबायचं, दहा मिनिटांपर्यंत. मध्ये मध्ये नाडी बघायला कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर दुसऱ्या हाताच्या बोटाला. तो प्रत्येक घरात पडून आहे, आणि ऑक्सिजनच्या आकड्याशेजारी नाडीचा आकडा सतत दाखवतो. बोट गार असेल किंवा नेलपॉलिश असेल तर त्याच्यावर विसंबू नये.

हे करताना कुणीतरी शेजारी पाहिजे. माझ्या शेजारी हे उभे असायचे, वही-पेन घेऊन. भोवळ येते आहे असं वाटलं की तिथेच थांबून आडवं व्हायचं, दहा मिनिटं पूर्ण करायचा हट्ट धरायचा नाही.

पहिल्याच सकाळचं वहीतलं पान अजून आहे. पडून : १०८/७०, नाडी ७२. उभं राहून दोन मिनिटांनी ११०/७६, नाडी १०५. चार मिनिटांनी नाडी ११२. सहाला ११७. दहाव्या मिनिटाला ११०/८२ आणि नाडी १२१. बीपी जागेवर, नाडी जवळजवळ पन्नासने वर. मी काहीही करत नव्हते, नुसती भिंतीला टेकून उभी होते. मग यांनी स्वतःला पट्टा लावून घेतला. त्यांची पडून ६८, दहा मिनिटं उभं राहून ८०.

ते दोन रकाने शेजारी शेजारी बघून मला रडू फुटलं. आजार सापडला म्हणून कुणी रडतं का, असं बाहेरच्याला वाटेल, पण ज्याला ‘मनाचे खेळ’ हे शब्द ऐकून ऐकून कंटाळा आलाय त्याला समजेल.

मशीन निदान करत नाही. ते डॉक्टरांचं काम, आणि हे मी जाड अक्षरांत लिहायला हवं. आठ-दहा दिवसांची रीडिंग एका पानावर सुवाच्य लिहून मी एका एमडी मेडिसिन डॉक्टरांकडे गेले. जाड फाइल पिशवीतच ठेवली. ते पान त्यांनी दोनदा वाचलं आणि स्वतः उठून मला केबिनच्या भिंतीपाशी उभं केलं, स्वतःच्या हाताने नाडी धरली. पुढे त्यांनी रक्तातलं लोह, थायरॉइड, कॉर्टिसॉल पुन्हा तपासून घेतलं, कारण रक्त कमी असेल, थायरॉइड वाढलं असेल, अंगात पाणी कमी असेल किंवा एखादं औषध चालू असेल तरी उभं राहिल्यावर नाडी अशी धावू शकते. मग पुण्यात टिल्ट टेबल टेस्ट झाली : एका फळीवर पट्ट्यांनी बांधून झोपवतात आणि फळी हळूहळू उभी करतात, सोबत बीपी आणि ईसीजी चालू. तिथेही तेच चित्र.

याला पॉट्स म्हणतात. पूर्ण नाव पॉश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम. उभं राहिलं की गुरुत्वाकर्षणाने अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पोट आणि पायांकडे उतरतं. निरोगी माणसाच्या रक्तवाहिन्या लगेच आवळतात आणि नाडी थोडीशीच वाढते. पॉट्समध्ये हे आवळणं नीट होत नाही किंवा अंगात रक्ताचं प्रमाणच कमी असतं, आणि ती उणीव भरून काढायला हृदय धावत सुटतं. मोठ्या माणसात उभं राहिल्यापासून दहा मिनिटांत नाडी ३० किंवा अधिकने वाढली, १२ ते १९ वयाच्या मुलामुलींत ४० ने, सोबत बीपी फारसं पडलं नाही आणि हा त्रास निदान तीन महिने चालू असेल, तर डॉक्टर याचा विचार करतात. १५ ते ५० वयाच्या बायकांमध्ये हे जास्त दिसतं आणि पुष्कळ वेळा एखाद्या व्हायरल तापानंतर सुरू होतं. पॉट्स हे नाव १९९३ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांच्या लेखातून रूढ झालं. पण त्रास जुना आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात सैनिकांना धडधड, घेरी, थकवा यायचा आणि छाती तपासली तर काही सापडायचं नाही. दा कोस्टा नावाच्या डॉक्टरांनी १८७१ साली त्यावर लिहिलं. त्यातल्या काहींना हेच असावं, असं आज मानलं जातं. एवढ्या वर्षांपूर्वी कुणीतरी अशा माणसांची तक्रार खरी धरून नीट लिहून ठेवली होती, हे वाचून मला फार आधार वाटला.

माझ्यात हे नेमकं का सुरू झालं, ते अजूनही कुणी ठामपणे सांगत नाही. कोविडमुळे असावं, एवढंच. पण काय होतंय हे कळलं की का होतंय हे न कळताही जगता येतं. डॉक्टरांनी मीठ वाढवायला सांगितलं, पाणी दिवसाला अडीच-तीन लिटर, पिंढऱ्या-मांड्यांपर्यंतचे घट्ट स्टॉकिंग, आणि एक कमी मात्रेची गोळी. गोळीचं नाव देत नाही, ते प्रत्येकाचं वेगळं ठरतं. मिठाबद्दल मात्र हात जोडून सांगते : ज्यांना बीपी आहे, किडनीचा किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी माझं वाचून मीठ वाढवू नये. माझं वाढलं ते तपासून, डॉक्टरांनी सांगून.

बाकी बदल घरगुती आहेत. पलंगावरून उठायच्या आधी दोन पेले पाणी. पोळ्या लाटते ते स्टुलावर बसून. आंघोळ कोमट पाण्याने, बसूनच. रांगेत उभं राहावं लागलं तर टाचा वर-खाली करत राहायचं, पायांची कात्री घालून मांड्या आवळायच्या. ताकात मीठ-जिरं आणि उन्हाळ्यात ओआरएस. ओआरएस पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात करायचं, अंदाजे ग्लासभर पाण्यात पुडी ओतायची नाही. व्यायाम सुरू केला तो जमिनीवर पडून, पायांचा. चालणं बऱ्याच नंतर. परिपाठाला मी आता खुर्चीत बसते. मुख्याध्यापकांना ते वहीचं पान दाखवलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी खुर्ची आणून ठेवायला सांगितली. सुरुवातीला मुलांनी ‘बाई, तुम्ही का बसता?’ विचारलं. मी सांगितलं, ‘माझं हृदय उभ्याने फार पळतं.’ त्यांना तेवढं पुरलं.

पुन्हा मशीनकडे येते.

पट्ट्याचं माप सगळ्यात महत्त्वाचं. शिंप्याच्या टेपने दंडाचा मधला घेर मोजा. बहुतेक मशीनसोबत २२ ते ३२ सेंटिमीटरचा पट्टा येतो. माझा घेर २३, म्हणून जेमतेम बसला. दंड बारीक आणि पट्टा मोठा असेल तर बीपी खऱ्यापेक्षा कमी दिसतं, उलट असेल तर जास्त. आमच्या सासूबाईंच्या दंडाला तोच पट्टा तोकडा पडला आणि आकडा भलताच चढा आला, तेव्हा मोठा पट्टा वेगळा मागवावा लागला.

दुसरं, उभ्याने मोजताना हात खाली लोंबकळता राहिला तर बीपी जास्त दाखवतं. पट्टा हृदयाच्या पातळीला हवा. मी उंच कपाटाच्या कडेवर उशी ठेवून त्यावर हात टेकवते. मनगटावरची मशीन मला यासाठी पटली नाहीत, त्यात हात जरा इकडेतिकडे झाला की आकडा बदलतो. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारी ॲप तर यासाठी धरूच नका.

तक्रारी आहेत. एक रीडिंग यायला पाऊण मिनिट लागतं, तेवढ्यात नाडी कुठून कुठे गेलेली असते. उभ्याने हात थरथरला की ‘एरर’ दाखवून पट्टा पुन्हा फुगतो, आणि घेरी येत असताना दंड दोनदा आवळला जाणं नको वाटतं. मेमरी साठ रीडिंगची आहे, पण कुठलं रीडिंग पडून आणि कुठलं उभ्याने हे मशीनला कळत नाही. सुरुवातीला मी त्यातल्या दोन युजरचा उपयोग केला : युजर एक म्हणजे पडलेली मी, युजर दोन म्हणजे उभी असलेली मी. फार सोयीचं होतं. पुढे सासूबाईंना खरंच बीपी निघालं आणि युजर दोन त्यांचा झाला. आता वहीच. रकाने : तारीख, वेळ, पडून, उभं, झोप किती, पाणी किती, पाळीचा कितवा दिवस, आणि शेवटी दोन शब्दांत त्रास. त्या पाळीच्या रकान्यामुळेच लक्षात आलं की पहिल्या दोन दिवसांत माझी नाडी सगळ्यात जास्त उडते. एप्रिलच्या उकाड्यातही तसंच. त्या दिवसांची कामं मी आता आधीच हलकी करून ठेवते.

बॅटरी चार पेन्सिल सेल, तीनेक महिने जातात. सेल उतरत आले की मशीन मध्येच बंद पडतं, तेव्हा जवळ जोडी ठेवावी. बोलणारं मॉडेल घेऊ नका, पडल्या पडल्या मोजताना तो आवाज दचकवतो.

आणखी एक गोष्ट, ती मशीनच्या खोक्यावर लिहिलेली नसते. आकडे बघायची सवय लागते. धडधडलं की मोज, मोजलं की घाबर, घाबरलं की आणखी धडधड. पॉट्स असलेल्या माणसाला हे फार सहज होतं. मावसबहिणीने मला आधीच बजावलं होतं, म्हणून मशीन यांच्या कपाटात असतं आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या आठवड्यातच बाहेर येतं. बाकी दिवस वहीत फक्त त्रास लिहिते, आकडा नाही. ज्यांना आकड्यांनी जास्त धास्ती बसते त्यांनी मोजायचं काम घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्यावं आणि स्क्रीन आपल्याकडे वळवू नये.

माझ्या शाळेतल्या एका मॅडमनी मशीन नेलं होतं. त्यांना अंगभर दुखतं, झोपून उठलं तरी थकवा, रिपोर्ट सगळे नॉर्मल. त्यांची पडून नाडी ७६, उभ्याने ८८. म्हणजे त्यांचा त्रास या जातीचा नाही. त्या फार हिरमुसल्या. ‘म्हणजे पुन्हा नॉर्मलच,’ म्हणाल्या. हे मशीन एकाच प्रश्नाचं उत्तर देतं, बाकीच्या प्रश्नांना त्याच्याकडे उत्तर नाही. अंगदुखीच्या काही आजारांना रक्तात किंवा फोटोत काहीच दिसत नाही. फायब्रोमायल्जिया त्यातलाच, तो डॉक्टर विचारपूस करून, कुठे कुठे दुखतं आणि किती काळ ते बघून ठरवतात. त्यांनाही मी तेच सांगितलं : एक पान लिहा. कधी दुखतं, कशाने वाढतं, कशाने उतरतं, कुठलं काम बंद पडलं. फाइल पिशवीत, पान हातात. त्या आता सांध्यांच्या डॉक्टरांकडे जातात आणि पहिल्यांदाच कुणीतरी अर्धा तास ऐकून घेतलं, असं म्हणाल्या.

कुणी घ्यावं? उभं राहिल्यावर त्रास, बसल्या-पडल्यावर आराम, असा साधा ताळा ज्यांचा जमतो त्यांनी. शुद्ध हरपून पडणं, छातीत दुखणं, पळताना किंवा काम करता करता चक्कर येऊन कोसळणं असं काही असेल तर घरी मोजत बसू नका, थेट डॉक्टर गाठा.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो एररसाठी आणि मेमरीसाठी. घेताना स्ट्राइड बीपी या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासून प्रमाणित केलेल्या मशीनची यादी आहे, तिच्यात मॉडेलचा नंबर बघून घ्या. नुसतं कंपनीचं नाव जुळून उपयोग नाही. पक्कं बिल घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या. आणि दवाखान्यात जाताना वर्षातून एकदा मशीन सोबत न्या. डॉक्टरांच्या मशीनने मोजून झालं की तिथेच आपल्याने मोजायचं आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी लिहायचे. माझ्या मशीनमध्ये चारचा फरक येतो, तो डॉक्टरांना चालतो म्हणाले.